वहिनींची वही आणि पन्नाशीची लस

दादाचा ऑफसेटचा छापखाना पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात आहे. ऑगस्ट हा त्याचा सुगीचा महिना. मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तकं, अहवाल, कार्यक्रमपत्रिका, सगळं गणपतीच्या आधी तीन-चार आठवड्यांत छापून, नंबर मारून, बाइंडिंग करून हातात द्यायचं असतं. दोन वर्षांपूर्वी नेमका त्याच दिवसांत दादा आजारी पडला. वय छप्पन. पहिल्या संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. सगळं अंग कुणी ठेचून काढावं तसं दुखत होतं आणि कोरडा खोकला थांबत नव्हता. ‘व्हायरल आहे, दोन दिवसांत उतरेल’ असं तोच आम्हाला सांगत होता. चौथ्या दिवशी जिना चढताना दम लागला, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९१ आकडा दिसला आणि त्याला दवाखान्यात दाखल करावं लागलं. नाकातल्या स्रावाच्या तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला. रक्तातली साखर ३१२ होती. आपल्याला मधुमेह आहे, हे दादाला त्या दिवशी कळलं.

तो घरी आल्यानंतरच्या रविवारी वहिनींनी त्यांची वही माझ्यापुढे ठेवली. छापखान्यातच बांधलेली, लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. घरचा पै-पैचा हिशेब त्या त्यातच लिहितात. डॉक्टर ६००. रक्त-लघवी १,४५०. फ्लूची तपासणी ४,५००. एक्स-रे ५००. दवाखाना, चार दिवस, ५८,२००. औषधं २,३७०. रिक्षा ७४०. शहाळी ४८०. एकूण ६८,८४०.

मी विचारलं, “वहिनी, आणि छापखाना बंद होता ते? तुमची पतसंस्थेतली बिनपगारी रजा?”

“भावोजी, माझी रजा काय खर्चात धरायची?” वहिनी म्हणाल्या.

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला. पण पन्नास ते चौसष्ट वयाच्या माणसांना दरवर्षी सरकारी खर्चाने फ्लूची लस द्यावी की नाही, यावर जगात जो वाद गेली पंचवीस वर्षं चालू आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. वहिनींची रजा धरली तर लस परवडते. नाही धरली तर बऱ्याच देशांत परवडत नाही. अर्थात उत्तर इतकं सरळही नाही, म्हणून जरा खोलात जाऊ.

फ्लूची लस म्हणजे इंजेक्शनमधून दिलेला अर्धा मिलिलीटर द्रव. बहुतेक लसींत अंड्यांत वाढवून मारलेल्या विषाणूचे तुकडे असतात. दरवर्षी जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ दोनदा बसतात, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये. येत्या हंगामात कोणते विषाणू फिरतील याचा अंदाज बांधून ते लसीतले घटक ठरवतात. विषाणू रूप बदलत राहतो आणि लसीने आलेली ताकदही काही महिन्यांत ओसरते, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. अंदाज बरोबर ठरला तर साधारण ४० ते ६० टक्के बचाव होतो, चुकला तर त्याहून बराच कमी. गोवराच्या लसीशी तुलना केली तर हे यश तोकडं आहे. तरीही फ्लू इतक्या लोकांना होतो की निम्मा बचावसुद्धा फार मोठा ठरतो.

कुणाला द्यायची, याची रेघ आधी पासष्टवर ओढली गेली. १९५७-५८ च्या साथीत म्हाताऱ्या, आजारी आणि गरोदर माणसांचे मृत्यू पाहून अमेरिकेच्या सर्जन जनरलनी १९६० मध्ये पासष्टच्या पुढच्यांना, जुनाट आजार असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना दरवर्षी लस घ्यायला सांगितलं. इंग्लंडने १९९८ मध्ये पंच्याहत्तरच्या पुढच्या सगळ्यांना घेतलं आणि २००० मध्ये वय पासष्टवर आणलं. जर्मनीत रेघ साठवर आहे. पासष्टच्या पुढच्यांबद्दल फारसा वाद नाही. फ्लूने होणारे बहुतेक मृत्यू त्याच वयात होतात, त्यामुळे तिथे हिशेब जवळजवळ कसाही मांडला तरी जमतो. अडचण त्या रेघेच्या अलीकडे आहे. पन्नाशीतला माणूस क्वचितच फ्लूने मरतो, पण तो आजारी पडला की त्याच्यावर उभं असलेलं बरंच काही आठ-दहा दिवस आडवं होतं.

अमेरिकेने २००० साली रेघ पासष्टवरून पन्नासवर आणली. त्यामागचं कारण मला फार शहाणपणाचं वाटतं. मधुमेह, हृदयविकार, दमा असलेल्या कोणत्याही वयाच्या माणसाने लस घ्यावी, हे तिथे आधीपासूनच ठरलेलं होतं. पण पन्नास ते चौसष्ट वयाच्या लोकांपैकी २४ ते ३२ टक्के जणांना असा काही ना काही आजार होता आणि त्यांतले बहुसंख्य लस घेतच नव्हते. आजार विचारून लस देणं दवाखान्यात जमत नाही. डॉक्टरला आठवण राहत नाही, आणि रोग्याला आपण ‘जोखमीच्या गटात’ आहोत असं वाटत नाही. वय मात्र कुणालाही सांगता येतं. म्हणून तज्ज्ञ समितीने ठरवलं की सगळ्यांनाच बोलवायचं, म्हणजे त्यांच्यासोबत ज्यांना खरी गरज आहे तेही येतील. त्याच हंगामात अमेरिकेत लस उशिरा आली आणि धांदल उडाली. पुढे २००४ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूलमधल्या एका कारखान्याचा परवाना स्थगित झाला, तेव्हा अमेरिकेचा जवळजवळ निम्मा साठा एका झटक्यात गेला. त्या वर्षी पन्नाशीतल्या धडधाकट लोकांना रांगेतून बाजूला व्हायला सांगण्यात आलं. रेघ कागदावर कुठेही असली तरी कुप्या कमी पडल्या की ती आपोआप वर सरकते. अखेर २००९ ची स्वाइन फ्लूची साथ येऊन गेल्यावर, २०१० मध्ये, अमेरिकेने सहा महिन्यांच्या पुढे सगळ्यांनाच लस घ्यायला सांगितलं.

पैशांचा हिशेब यात कुठे बसतो? तो मांडण्याचा एक ठरलेला रिवाज आहे. लसीमुळे किती ‘चांगली वर्षं’ मिळाली ते मोजायचं. पूर्ण धडधाकट जगलेलं एक वर्ष म्हणजे एक. अंथरुणावर, अर्ध्या क्षमतेने काढलेलं वर्ष म्हणजे अर्धं. याला गुणवत्तेने तोललेलं आयुष्यवर्ष म्हणतात, आणि या क्षेत्रातले लोक बोलताना ‘क्वॉली’ म्हणतात. मग लसीवर झालेल्या खर्चातून वाचलेला उपचारखर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला मिळालेल्या क्वॉलीने भागायचं. एक चांगलं वर्ष केवढ्याला पडलं, ते कळतं. इंग्लंडमध्ये नवं औषध घ्यायचं की नाही हे ठरवताना अनेक वर्षं २० ते ३० हजार पौंडांची मर्यादा पाळली गेली. लसींच्या बाबतीत वीस हजारांच्या आत बसवायचा प्रयत्न असतो.

ही पद्धत पन्नाशीच्या फ्लूला लावली की काय होतं ते पाहा. आठवडाभर अर्ध्या क्षमतेने काढला तर क्वॉलीत जेमतेम एक शतांश भाग जातो. दादासारखा माणूस अकरा दिवस पडून राहिला, दमला, घाबरला, चिडला, तरी या मापात ते दिसतही नाही. उलट पंचावन्नाव्या वर्षी एखादा मृत्यू टळला तर एकदम वीस-पंचवीस वर्षं जमेला पडतात. म्हणजे सगळं पारडं त्या दुर्मीळ मृत्यूंवर झुकतं, आणि रोज घडणारं मधलं दुखणं बाजूला राहतं.

अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही वयोगटांचा हिशेब शेजारी शेजारी मांडला होता. पासष्टच्या पुढे एक क्वॉली ९८० डॉलरला पडत होती, आणि पन्नास ते चौसष्टमध्ये २८,००० डॉलरला. पहिल्यांदा वाचल्यावर वाटतं की प्रश्नच मिटला. पण त्याच अभ्यासात पुढे आहे की लस घ्यायला जाण्यासाठी लागणारा वेळ आणि प्रवास यांचा खर्च काढून टाकला तर पन्नास ते चौसष्टचा आकडा २८,००० वरून ७,२०० वर येतो. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. लस महाग पडत होती ती मुख्यतः तिच्या कुपीमुळे नव्हती. कामाच्या वेळेत दवाखान्यात जायचं, नंबर लावायचा, परत यायचं, यात गेलेल्या तासांमुळे ती महाग पडत होती. कमावत्या वयातल्या माणसाचा वेळ हिशेबात किमती असतो. तो आजारात वाचला तर जमेला पडतो आणि रांगेत गेला तर खर्चाला. लस कामाच्या जागी जाऊन दिली, तर हा खर्चाचा कॉलम जवळजवळ रिकामा होतो. कुठल्याही नव्या लसीचा शोध न लागता ती चौपट स्वस्त होते.

कामाच्या जागी लस देऊन पाहणारे दोन प्रयोग या विषयात सारखे उद्धृत होतात आणि दोघांचं म्हणणं वेगळं आहे. पहिला अमेरिकेतल्या मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातला. क्रिस्टिन निकोल यांनी १९९४-९५ च्या हिवाळ्यात १८ ते ६४ वयाच्या ८४९ निरोगी नोकरदारांवर तो केला. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं पाणी भरलेलं इंजेक्शन. लस घेतलेल्यांच्या सर्दी-तापाच्या आजारी रजा ४३ टक्के कमी झाल्या, डॉक्टरकडच्या खेपा ४४ टक्के कमी झाल्या, आणि माणशी जवळजवळ ४७ डॉलर वाचले. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि कंपन्यांमध्ये लसीची शिबिरं भरायला एक आधार मिळाला.

दुसरा प्रयोग मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या फोर्ड कंपनीतल्या पासष्टच्या आतल्या कर्मचाऱ्यांवर झाला. तो सलग दोन हंगाम चालला, आणि त्यामुळेच तो फार मोलाचा आहे. १९९७-९८ मध्ये लसीत होता वुहानमध्ये सापडलेल्या विषाणूसारखा एच३एन२ (फ्लूचा एक प्रकार), आणि बाहेर फिरत होता सिडनीत सापडलेला. अंदाज हुकला. त्या वर्षी लस घेतलेल्यांच्या आजारी रजा कमी झाल्याच नाहीत, आणि समाजाला माणशी ६५ डॉलरचा निव्वळ खर्च पडला. पुढच्या वर्षी लस जुळली. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू ८६ टक्क्यांनी कमी झाला, बुडालेले कामाचे दिवस ३२ टक्क्यांनी कमी झाले. इतकं चांगलं वर्ष असूनही हिशेबात माणशी ११ डॉलर खर्चच निघाला, बचत नाही. एकाच कंपनीत दिलेली लस एका वर्षी फुकट गेली आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ पैसे वसूल करून गेली. ‘पन्नाशीतल्यांना फ्लूची लस परवडते का’ याचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही. दहा-पंधरा हंगामांची सरासरी काढली तरच काही बोलता येतं.

इंग्लंडची गोष्ट यापेक्षाही बोलकी आहे. जुलै २०२० मध्ये, कोविडच्या ऐन काळात, तिथल्या सरकारने पन्नास ते चौसष्ट वयाच्या सगळ्यांना मोफत फ्लूची लस जाहीर केली, आणि १ डिसेंबरपासून ती त्यांना मिळायला लागली. दोन साथी एकदम आल्या तर रुग्णालयं कोलमडतील ही भीती होती. २०२१ मध्ये ती सवलत राहिली. २०२२ मध्ये आधी वगळून पुन्हा आत घेतली. २०२३-२४ पासून ती बंद झाली आणि रेघ परत पासष्टवर गेली. आजारी, गरोदर, काळजीवाहक वगैरे आधीचे गट अर्थात कायम राहिले.

परत का गेली? तिथल्या पद्धतीत आरोग्यसेवेचा आणि सामाजिक सेवेचा खर्च धरतात, बुडालेली मजुरी धरत नाहीत. वहिनींची रजा त्या वहीत नाही. यामागे एक न्यायाचा विचार आहे, तो मला पटतो. कमाई धरली तर जास्त पगाराच्या माणसाचा आजार जास्त मोलाचा ठरेल आणि निवृत्त म्हातारीचा कवडीमोल. पण मग पन्नाशीच्या लसीचा जो सगळ्यात मोठा फायदा, तोच तागडीत पडत नाही. शिवाय मधुमेही आणि हृदयरोगी आधीच आजाराच्या नावाखाली मोफत लशीला पात्र आहेत. उरतात ते धडधाकट लोक, ज्यांना लस देऊन वाचणारे मृत्यू फारच थोडे. हिशेब नेहमी या उरलेल्यांचा करायचा असतो. ‘पन्नास ते चौसष्टमध्ये फ्लूने इतके गेले’ असं सांगून सरसकट लस मागणारे हीच गोष्ट विसरतात, कारण त्या गेलेल्यांपैकी बरेचसे आधीपासूनच पात्र होते.

आणखी एक कारण आहे. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे. २०१३ पासून इंग्लंड शाळकरी मुलांना नाकात फवारायची जिवंत पण दुबळी केलेली फ्लूची लस टप्प्याटप्प्याने देत आलं आहे. फ्लू घरात येतो तो बहुतेक वेळा दप्तराबरोबर येतो. लहान मुलं विषाणू जास्त दिवस आणि जास्त प्रमाणात सोडतात आणि दिवसभर एकमेकांच्या अंगावर असतात. तिथल्या संशोधकांनी चौदा हंगामांची आकडेवारी लावून २०१३ मध्येच दाखवलं होतं की नव्या कुपी द्यायच्या असतील तर त्या मुलांना दिल्याने सगळ्या वयांतला आजार सर्वांत जास्त कमी होतो. मुलाला लस दिली की आई-बापाला आणि आजीलाही तिचा उपयोग होतो. आणि मग पन्नाशीतल्या माणसाला वेगळी लस देऊन मिळणारा फायदा आपोआप आक्रसतो, कारण त्याचा काही बचाव त्याच्या घरातल्या पोराने आधीच केलेला असतो.

हे नुसतं गणितावरचं बोलणं नाही. जपानने १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस द्यायला सुरुवात केली, १९७७ मध्ये ती सक्तीची केली, १९८७ मध्ये सक्ती सैल केली आणि १९९४ मध्ये कार्यक्रमच बंद केला. २००१ मध्ये अमेरिकी आणि जपानी संशोधकांनी त्या काळातले मृत्यू तपासले. कार्यक्रम जोरात होता तेव्हा तो वर्षाला ३७ ते ४९ हजार मृत्यू टाळत असावा, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे साधारण ४२० मुलांना लस दिली की एक मृत्यू टळत होता, आणि तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी आजी-आजोबांचा होता. कार्यक्रम मुलांमध्ये उपयोग दिसत नाही म्हणून गुंडाळला होता. उपयोग दुसऱ्याच खोलीत होत होता.

आता आपल्याकडे. पुण्याला फ्लूची ओळख करून द्यायला नको. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ पासून इथेच आहे, आणि २००९ च्या साथीतला देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला याच शहरात झाला. शाळा, चित्रपटगृहं बंद, रस्त्यात प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. ते दिवस मला स्पष्ट आठवतात. त्या विषाणूने एक वेगळंच वागणं दाखवलं. साठीच्या पुढच्या अनेकांना १९५७ च्या आधी लहानपणी भेटलेल्या त्याच्या नातेवाईक विषाणूची आठवण शरीरात होती, म्हणून ते तुलनेने वाचले. तडाखा बसला तो तरुण आणि मध्यमवयीनांना. तोच विषाणू आता नेहमीचा झाला आहे आणि दर काही वर्षांनी जोर धरतो. २०१५ मध्ये देशात त्याचे ४२ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि जवळजवळ तीन हजार माणसं गेली. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, उच्च रक्तदाब असलेल्यांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात मात्र फ्लूची लस नाही. बाजारात ती स्वतःच्या खिशातून घ्यायची.

एक ढोबळ हिशेब करून बघू. पन्नाशीतली हजार माणसं धरू. एका वर्षात त्यांतल्या शेकडा पाच जणांना, म्हणजे पन्नास जणांना, फ्लू होईल असं समजू आणि लस निम्मं काम करते असं धरू. पंचवीस आजारपणं टळली. कुपी १,८०० रुपयांची असेल तर हजार जणांचे १८ लाख झाले, म्हणजे एक आजारपण टाळायला ७२ हजार लागले. सरकारने घाऊक खरेदी करून तीच कुपी ३०० रुपयांत मिळवली तर १२ हजार. दहा टक्के लोकांना फ्लू होणारं जोराचं वर्ष असेल तर सहा हजार. आजारपणांतली बहुतेक चार दिवसांच्या तापावर निभावतात, दादासारखं दवाखान्यात जाणारं थोडंच असतं. तरी या तीन आकड्यांतला फरक बघण्यासारखा आहे. विषाणू तोच, लसही तीच, आणि निकाल मुख्यतः खरेदीच्या भावावर ठरतो. कुठली आरोग्यसेवा घ्यावी याचं मूल्यमापन करायला केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये एक यंत्रणा उभी केली आहे. ती एका क्वॉलीला साधारण देशाच्या दरडोई उत्पन्नाइतकी मर्यादा लावून बघते. म्हणजे आपला उंबरठा दोन-अडीच लाख रुपयांच्या आसपास आहे. इंग्लंडच्या तुलनेत तो फार खाली, म्हणून तिथला किंवा अमेरिकेचा निष्कर्ष उचलून इथे चिकटवता येत नाही, बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही.

पण एका बाबतीत आपली पन्नाशी त्यांच्या पन्नाशीपेक्षा निराळी आहे, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बावन्न देशांतल्या हृदयविकाराच्या झटक्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात पहिल्या झटक्याचं मधलं वय दक्षिण आशियात ५३ निघालं, इतरत्र जवळजवळ ५९. म्हणजे आपलं हृदय सहा वर्षं आधी थकतं. कॅनडातल्या ओंटारिओत २०१८ मध्ये दिसलं की फ्लू सिद्ध झाल्यापासूनच्या सात दिवसांत झटक्याचा धोका सहापट होतो. २०२१ मध्ये आठ देशांतल्या अडीच हजार रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत बांगलादेशातलेही रुग्ण होते. झटका आल्यानंतर लगेच फ्लूची लस दिली तर पुढच्या वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंट बंद पडणं हे मिळून २८ टक्के कमी झालं. मधुमेहाचंही तसंच. २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या सर्वेक्षणात देशात १० कोटींवर मधुमेही निघाले आणि प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात होतं, २६.४ टक्के. देशभरातल्या मधुमेह्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं.

दादाला माहीत नव्हतं. आजार विचारून लस द्यायची ठरवली असती, तर तो कधीच कुठल्या यादीत आला नसता. ‘मला काही नाही’ असं त्याने ठणकावून सांगितलं असतं, आणि ते त्याच्या दृष्टीने खरं होतं. अमेरिकेने २००० साली केलेला युक्तिवाद इथे अधिक जोराने लागू पडतो. ज्या देशात आजार माहीत नसलेली माणसं इतकी जास्त, तिथे वय हीच त्यांच्यापर्यंत पोचायची वाट आहे. म्हणून मला वाटतं, आपल्याकडे हा प्रश्न ‘धडधाकट पन्नाशीला लस द्यावी का’ असा विचारूच नये. पन्नाशीला बोलवावं, दंडात लस द्यावी, त्याच खुर्चीत बसवून बोटातून साखर आणि दंडावर रक्तदाब मोजावा, आणि मग या सगळ्याचा मिळून हिशेब करावा. एका खेपेत दोन-तीन कामं झाली की रांगेत गेलेला वेळही वाटला जातो. हे गणित आपल्या जिल्ह्यांच्या आकड्यांवर, आपल्या पावसाळ्याच्या साथीवर कुणीतरी मांडायला हवं.

पावसाळ्याचं का, तेही सांगतो. युरोप-अमेरिकेत फ्लूचा हंगाम थंडीचा, म्हणून तिथे लस ऑक्टोबरात. आपल्याकडे महाराष्ट्रात मोठी लाट जुलै ते सप्टेंबर अशी पावसाबरोबर येते, आणि एक छोटी जानेवारी ते मार्चमध्ये. श्रीनगरसारखी उत्तरेकडची ठिकाणं सोडली तर बहुतेक भारतात लस घ्यायची योग्य वेळ एप्रिल-मे ठरते, आणि तीही दक्षिण गोलार्धासाठी ठरलेल्या घटकांची. बरेच जण ती साथीच्या बातम्या आल्यावर, ऑगस्टमध्ये, मागायला जातात. इंजेक्शनचा असर यायला दोन आठवडे लागतात, आणि तोवर मंडळांची पावतीपुस्तकं छापून संपलेली असतात.

यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात दादाचे फॅमिली डॉक्टर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत छापखान्यात आले. बरोबर नर्स आणि तिच्या हातात बर्फाच्या पिशव्या घातलेला निळा डबा. दादा, वहिनी, मशीनवरचे पवारकाका आणि बाइंडिंगच्या ताई. काकांनी बनियनची बाही वर करून आधी हात पुढे केला. सुई टोचली तरी त्यांचं लक्ष मशीनवर थांबवून ठेवलेल्या कागदाकडे होतं. नंतर डॉक्टरांनी चौघांची साखर बघितली. ताईंची १८६ निघाली, जेवणाआधीची.

रात्री वहिनींनी वही उघडली. लस, चौघांची, ६,८००. साखर तपासणी, २००. आणि त्याखाली एक नवीन ओळ, जी त्यांच्या वहीत मी कधी पाहिली नव्हती. वेळ, वीस मिनिटं.